कुत्रे परसाकडे कुठे जाते?

(दर्यापूर येथे शेतकरी बंधू-भगिनींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील मंडळी हसली. हसणे साहजिक आहे. कृषी विद्यापीठाचा माणूस आला म्हणजे तो कपाशीवर, तुरीवर, हरभऱ्यावर बोलणार, ही आपली अपेक्षा असते. मी कृषिविद्या शिकवितो. कुत्रा हा माझ्या अभ्यासक्रमातील विषय नाही. तरीही मी हा विषय का निवडला, हे आधी सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे.

काही वर्षांपूर्वी याच खारपाणपट्ट्यातील एका गावी घराच्या परसबागेतील मेथी पाहण्यासाठी मला बोलावले होते. वाफ्यात जागोजागी ताटलीएवढे गोल चट्टे पडले होते. रोपे पिवळी होऊन जळाली होती. मी वाकून पाहिले, दोन रोपे उपटली आणि मर रोग असल्याचे सांगून मोकळा झालो. बुरशीनाशकाची आळवणी करा, आठ दिवसांनी पुन्हा करा, असा सल्ला दिला. त्यांनी तो तंतोतंत पाळला. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर चट्टे कमी होण्याऐवजी दोन वाढले होते. तेव्हा ओसरीत बसलेली घरची म्हातारी म्हणाली, "सायेब, हे रोग-बिग काई नाई. हे मोत्याचं काम हाय. थो रोज पाह्यटी इथंच बसते."

मोत्या म्हणजे घरचा कुत्रा. म्हातारीचे म्हणणे खरे होते. त्या घराचे औषधाचे पैसे वाया गेले, ते माझ्यामुळे. पिकाकडे पाहताना पिकाच्या आजूबाजूला कोण वावरते हे मी पाहिले नव्हते. तेव्हापासून या विषयाची माहिती मी गोळा करीत आलो. ती आपल्या उपयोगाची आहे, असे वाटल्यामुळे आज आपल्यापुढे मांडतो.

कुत्र्याचे नियम

कुत्रा वाटेल तिथे घाण करतो, असा आपला समज आहे. तो बरोबर नाही. कुत्रा हे जागेची निवड करणारे जनावर आहे. आपली गाय-म्हैस उभ्या जागी शेण टाकते, चालता चालताही टाकते. कुत्रा मात्र हुंगतो, दोन-चार फेऱ्या मारतो, जागा पसंत करतो आणि मग बसतो. आपल्याकडील रोही, म्हणजे नीलगाय, हीसुद्धा पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी लेंड्या टाकते. धुऱ्यावर किंवा पडीत जागेत तिच्या लेंड्यांचे ढीग आपण पाहिले असतील. जनावरांच्या जगात जागा ठरविणे ही नवलाची गोष्ट नाही.

कुत्र्याचा पहिला नियम असा की, झोपतो तिथे घाण करायची नाही. ही सवय फार लहानपणी लागते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. कुत्री त्याला चाटते, तेव्हा ते होते, आणि ती जागा तीच साफ करते. सुमारे तीन आठवड्यांचे झाल्यावर पिल्लू अडखळत का होईना, झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊ लागते. पुढे दोन महिन्यांचे होईपर्यंत पायाखाली जी जमीन असेल, तिची त्याला सवय जडते. मातीवर वाढलेले पिल्लू माती शोधते, फरशीवर वाढलेले फरशीवर बसते. पोत्यावर वाढलेल्या पिल्लाला धान्याचे पोते आणि बसायची जागा यांतील फरक कळत नाही. हा दोष पिल्लाचा नसून आपण त्याला जिथे ठेवले त्या जागेचा आहे.

दुसरा नियम, मऊ आणि मोकळी जमीन. आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि भेगाळते. अशा वेळी गावात मऊ जागा कोणती उरते? बांधकामासाठी टाकलेला रेतीचा ढीग, कुटाराच्या ढिगाची कड, उकिरडा, आणि आपण मेहनतीने भुसभुशीत करून पाणी दिलेला भाजीचा वाफा. कुत्र्याला तो वाफा आहे हे कसे कळावे? त्याच्या दृष्टीने आपण त्याच्यासाठी उत्तम जागा तयार केलेली असते.

तिसरा नियम, वासाची आठवण. जिथे एकदा बसला, तिथे वास राहतो आणि तो वास त्याला पुन्हा तिथे आणतो. आपल्याला धुतल्यावर वास येत नाही म्हणून कुत्र्यालाही येत नाही, असे नाही. त्याचे नाक आपल्या नाकापेक्षा कितीतरी तीक्ष्ण आहे.

चौथा नियम वेळेचा. झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात कुत्र्याला जावे लागते. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल सुरू होते. म्हणून जो मालक कुत्र्याला ठरलेल्या वेळी भाकर टाकतो, त्याला कुत्रा केव्हा परसाकडे जाणार हेही सांगता येते. दिवसभर उष्टे-खरकटे टाकत राहिलो तर वेळ ठरत नाही आणि जागाही ठरत नाही.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो. झेक प्रजासत्ताक आणि जर्मनी येथील शास्त्रज्ञांनी दोन वर्षे ३७ जातींच्या ७० कुत्र्यांवर लक्ष ठेवले. शौचाच्या १,८९३ आणि लघवीच्या ५,५८२ नोंदी घेतल्या. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर असताना कुत्रे उत्तर-दक्षिण दिशेने अंग धरून बसणे पसंत करतात, असा निष्कर्ष त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. या कामाला २०१४ साली इग नोबेल नावाचे पारितोषिक मिळाले. आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. सगळ्यांनाच हा निष्कर्ष पटलेला नाही. मोत्याकडे पाहून वखराची दिशा ठरवा, असे मी सांगणार नाही. परंतु एवढी माणसे दोन वर्षे कागद-पेन्सिल घेऊन कुत्र्यामागे फिरली, तेव्हा आपण आपल्या अंगणात आठ दिवस लक्ष ठेवायला हरकत नसावी.

खुंटावरचा सातबारा

नर कुत्रा पाय वर करून उभ्या वस्तूवर लघवी करतो, ती गोष्ट वेगळी आहे. ती केवळ पोट हलके करण्यासाठी नसते. साधारण सहा महिने ते वर्षाच्या वयात नर पाय वर करू लागतो. पाव वाटीभर लघवी तो दहा ठिकाणी वाटून टाकतो. कारण ती त्याची चिठ्ठी असते. या वाटेने कोण गेले, नर की मादी, मादी माजावर आहे काय, हे पुढच्या कुत्र्याला त्या वासावरून कळते. पुढचा कुत्रा त्यावर आपली सही करतो. आपण जमिनीच्या हक्कासाठी सातबारा काढतो, कुत्र्याचा सातबारा खुंटावर असतो आणि तो रोज नवा करावा लागतो.

उभ्या वस्तूवर वास नाकाच्या उंचीला राहतो. म्हणून बंडीचे चाक, ट्रॅक्टरचा टायर, दाराची चौकट, विजेचा खांब, थप्पीच्या कोपऱ्याचे पोते आणि घरात लावलेली कापसाची गंजी ही त्याची आवडती ठिकाणे होत. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, लहान चणीचे कुत्रे मोठ्यांपेक्षा पाय अधिक उंच उचलतात. जणू आपण आहोत त्याहून मोठे भासावे असा प्रयत्न! गावात अशी माणसेही आपल्याला भेटतात.

हसण्यावर नेण्याची बाब एवढीच. कापसाच्या गंजीचा खालचा कोपरा रोज ओला झाला तर रुई पिवळी पडते, वास धरते आणि ओल आत शिरते. विक्रीच्या वेळी वरचा चांगला कापूस आणि खालचा डागी कापूस एकत्र गेला की भाव डागी कापसाचा मिळतो. तुरीच्या किंवा मुगाच्या पोत्याचेही तसेच. म्हणून गंजी भिंतीला व दाराला लागून लावू नये. दाराला दोन-अडीच फूट उंच फळी आडवी लावावी. पोती लाकडी पाटांवर ठेवावीत. एका साध्या फळीने पोत्याचा भाव राखला जातो.

पीक का जळते?

आता माझ्या विषयाकडे येतो. कुत्र्याच्या मूत्राने रोपे जळतात, कारण त्यात युरिया आणि क्षार भरपूर असतात. मूत्र आम्ल असते म्हणून जळते, हा समज चुकीचा आहे. पऱ्हाटीवर आपण २ टक्के युरिया फवारतो, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम. तो बारीक तुषारांनी सर्व पानांवर पसरतो आणि पीक हिरवे होते. कुत्रा मात्र तसेच तीव्र द्रावण तळहाताएवढ्या जागेवर एकदम ओततो. एखाद्या कोवळ्या रोपाच्या बुडाशी आपण मूठभर युरिया टाकला तर काय होईल? तेच होते. मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की मूळ पाणी ओढू शकत नाही आणि रोप करपते.

मादी एका जागी बसून सर्व मूत्र तिथेच सोडते, म्हणून तिच्यामुळे मोठा चट्टा पडतो. नर थोडे थोडे वाटतो, म्हणून त्याचा डाग लहान असतो. मूत्र दोघांचे सारखेच. मोत्यासारखा एखादा नरही बसून लघवी करतो, विशेषतः पाय वर करण्याचे वय होण्यापूर्वी.

पूर्णेच्या खोऱ्यातील आपल्या जमिनीत चिकण मातीचे प्रमाण जास्त, निचरा मंद आणि विहिरीचे पाणी बहुतेक गावांत खारे. इतरत्र एखाद-दुसऱ्या पाण्याने क्षार खाली निघून जातात. आपल्याकडे ते लवकर जात नाहीत. शिवाय वाफ्यात चट्टा दिसला की आपण "खार फुटला" म्हणून सोडून देतो, किंवा माझ्यासारखा शिकलेला माणूस बुरशीवर दोष टाकतो. म्हणून तिन्हींतील फरक ध्यानात ठेवावा.

खाराचा चट्टा वाकडातिकडा असतो, सखल भागात असतो, मातीवर पांढरट थर दिसतो आणि तिथे कोणतेच पीक नीट वाढत नाही. रोपमर झाली असेल तर रोपाचा बुंधा जमिनीलगत बारीक, काळपट होऊन रोप कोलमडते आणि रोग रोज शेजारच्या रोपांकडे सरकतो. कुत्र्याचा चट्टा गोल असतो, वाफ्याच्या कडेला, पायवाटेजवळ किंवा खुंटाजवळ असतो. मध्ये रोपे जळालेली आणि भोवताली मात्र गर्द हिरवे, जोमदार कडे असते. कडेला युरिया पातळ होऊन पोहोचतो, म्हणून तिथे तो खताचे काम करतो. असे हिरवे कडे दिसले की औषधाची बाटली खाली ठेवावी आणि कुत्र्याकडे पाहावे.

उपाय सोपा आहे. कुत्रा बसलेला दिसला की त्याच जागी लगेच बादलीभर पाणी ओतावे. पाणी शक्यतो गोडे, पावसाचे किंवा शेततळ्याचे असावे. चट्टा जुना झाला असेल तर वरची तीन-चार बोटे माती काढून नवी माती घालावी आणि पुन्हा बी टाकावे. चुना किंवा जिप्सम टाकून हा डाग बरा होत नाही. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीच्या सुधारणेसाठी, माती परीक्षण करून करावयाचा असतो.

मघाशी एका बंधूंनी विचारले, गोमूत्र पिकाला चालते, मग कुत्र्याचे का नको? एक तर गोमूत्रसुद्धा पाणी न घालता कोवळ्या पिकावर टाकले तर पीक जळते. दुसरे म्हणजे कुत्र्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाचे जंतू येऊ शकतात आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात ते टिकतात. म्हणून त्याचा खतासाठी विचार करू नये.

खरी चिंता विष्ठेची

मूत्राने चार रोपे जातात. विष्ठेने त्याहून मोठे नुकसान होते आणि ते पटकन लक्षात येत नाही.

आमच्या घरी एक शेळी होती. चांगली दुधाची. एक दिवस ती मान एका बाजूला वाकडी करून गोल गोल फिरू लागली. तिला भूल पडली, कोणी काही केले, असे शेजारी म्हणू लागले. दहा-बारा दिवसांत ती चारा खाईना, भिंतीला डोके लावून उभी राहू लागली आणि शेवटी गेली. पशुवैद्यकांनी विचारले, "कुत्र्याला कच्ची मुंडी टाकता काय?" आखाडात बकऱ्याची मुंडी आणली की तिचा उरलेला भाग आमच्या दारचे कुत्रे खात असे, आणि ते कुटाराच्या ढिगामागे परसाकडे जात असे. तेच कुटार शेळी खात होती. शेळीच्या मेंदूत पाण्याची पिशवी झाली होती. हा एका पट्टकृमीचा फेरा आहे. मेंढी-बकरीच्या मेंदूतील पिशवी कुत्रा खातो, त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि चारा खाणाऱ्या शेळीच्या मेंदूत पुन्हा पिशवी तयार होते. हे सर्व आमच्याच अंगणात घडले आणि आम्ही भूत-भुताटकीचा विचार करीत बसलो.

अशाच दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे जनावरांच्या आणि माणसांच्याही यकृतात किंवा फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. माणसात ही गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. त्या कृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडताच रोग पसरविण्यास समर्थ असतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. सांभार, मेथी, पालक न धुता खाल्ली, कुत्र्याला कुरवाळून हात न धुता भाकर मोडली, तर ती पोटात जातात.

पिल्लांमध्ये गोलकृमी फार असतात. आईच्या पोटात असतानाच ते पिल्लात शिरतात. यांची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर रोग पसरविण्यास योग्य होतात आणि पुढे वर्षानुवर्षे मातीत टिकू शकतात. रेतीच्या ढिगावर खेळणाऱ्या लहान मुलांच्या नखांतून ती पोटात जातात. क्वचित डोळ्यालाही इजा होते. अंकुशकृमीच्या अळ्या तर ओल्या, मऊ मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतात. पायावर नागमोडी लाल रेषा आणि रात्रभर खाज, अशी तक्रार पावसाळ्यात निंदणाऱ्या भगिनींनी केली तर ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. डॉक्टरांना दाखवावे.

गाभण गाय-म्हैस पाच-सहा महिन्यांत गाभडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक सूक्ष्म परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर येतो. कुत्र्याला तो पडलेला गर्भ किंवा जार खाल्ल्याने लागतो. म्हणून जार उकिरड्यावर फेकू नये, खोल पुरावा.

आपल्या वैशाखातील कडक उन्हाचा एक फायदा आहे. कोरड्या उष्णतेत पट्टकृमीची पुष्कळ अंडी मरतात. धोका पावसाळ्यात आणि सावलीतील ओलसर जागी, म्हणजे कुटाराच्या ढिगामागे आणि वाफ्यात, सर्वांत जास्त. आणि कुत्र्यालाही त्याच जागा आवडतात.

जागा आपण ठरवून द्यावी

कुत्रा जागा ठरवितो, हे आपण पाहिले. मग ती त्याला आपणच का ठरवून देऊ नये? ज्या सवयीमुळे आपले नुकसान होते, तीच सवय आपल्या कामी येते. जे जनावर वाटेल तिथे घाण करते, त्याला शिकविता येत नाही. जे जागा निवडते, त्याला शिकविता येते.

१) घराच्या किंवा वावरातील झोपडीच्या मागे, विहिरीपासून किमान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला चार फूट लांब, तीन फूट रुंद जागा निवडावी. खळे, गोठा, चाऱ्याची गंजी आणि कुत्र्याची झोपण्याची जागा यांपासून ती दूर असावी.

२) तेथील काळी माती वीतभर खणून काढावी आणि रेती किंवा भुसभुशीत माती भरावी. भोवती सहा बोटांची मेर घालावी, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही.

३) नर कुत्रा असेल तर मध्ये दोन फुटांचा लाकडी खुंट रोवावा. त्याला सही करायला जागा मिळाली की बंडीचे चाक बरेचसे वाचते.

४) पहिले चार-आठ दिवस कुत्र्याची आधीची थोडी विष्ठा तिथे राहू द्यावी. वासाने त्याला जागा कळते.

५) कुत्र्याला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी खायला घालावे. खाल्ल्यावर आणि सकाळी उठल्यावर दोरीने त्या जागेवर न्यावे आणि शांत उभे राहावे. काम झाले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा, पाठीवर थोपटावे. पिल्लाला दर दोन तासांनी न्यावे.

६) चुकीच्या जागी बसला म्हणून मारू नये, त्याचे नाक घाणीत घासू नये. माराने कुत्रा एवढेच शिकतो की मालकासमोर बसायचे नाही. मग तो आडोसा शोधतो आणि नेमका कुटाराच्या मागे जातो. आमच्या दारच्या कुत्र्याला कुटाराची वाट आमच्याच काठीने दाखविली होती.

७) नको त्या जागेचा वास मोडावा. फरशी असेल तर साबणाच्या पाण्याने घासून उन्हात वाळू द्यावी. खळे असेल तर वरचा थर खरवडून काढावा, नवी माती टाकावी आणि मग सारवावे.

८) बी टाकलेल्या वाफ्यावर रोपे वीतभर होईपर्यंत बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या पसराव्यात. खर्च काही नाही, कुत्रा आणि कोंबड्या दोन्ही दूर राहतात. रेतीचा ढीग ताडपत्रीने झाकावा.

विष्ठेची विल्हेवाट

विष्ठा रोजच्या रोज उचलावी. खुरप्याने राख किंवा माती टाकून उचलून, दीड-दोन फूट खोल खड्ड्यात टाकावी आणि वर माती टाकावी. आपल्या भारी जमिनीत पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो. म्हणून तो उंचवट्यावर घ्यावा आणि वर टिनाचा पत्रा ठेवावा. खड्डा भरत आला की मातीने बुजवून दुसरा करावा.

ही विष्ठा कंपोस्टमध्ये टाकू नये. आपल्या विदर्भातील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ खत तयार होते. ते शेण, काडीकचरा आणि माती यांसाठी आहे. कुत्र्याच्या विष्ठेतील गोलकृमीची अंडी त्यात मरतीलच याची खात्री नाही आणि तेच खत पुढे भाजीपाल्याला जाते.

कुत्र्याला जंताचे औषध द्यावे. पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून आणि मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी देतात. एकच औषध सर्व जंतांवर चालत नाही. पट्टकृमीसाठी प्राझीक्वांटेल असलेले औषध लागते. मात्रा वजनावर असते, म्हणून पशुवैद्यकांना विचारूनच द्यावी. औषध दिल्यानंतर दोन-तीन दिवसांची विष्ठा आवर्जून पुरावी. कच्ची मुंडी, काळीज, फुफ्फुस कुत्र्याला टाकू नये. टाकायचेच तर अर्धा तास चांगले उकळून टाकावे. उन्हाळ्यात वावरात मेंढ्या बसविताना कळपासोबत कुत्री येतात. मेंढपाळ बंधूंनाही ही गोष्ट सांगावी. मेलेली मेंढी उघड्यावर न टाकता पुरावी, यात त्यांच्याच कळपाचे हित आहे.

बेवारशी कुत्र्यांचा प्रश्न येथे विचारला गेला. गावाने उघड्यावरचे खरकटे आणि मांसाचे तुकडे बंद केले तर कुत्र्यांची वर्दळ कमी होते. नसबंदी आणि रेबीजची लस यासाठी ग्रामपंचायतीने पशुसंवर्धन खात्याशी बोलावे. नसबंदी केलेले पुष्कळ नर खुंटाखुंटावर लघवी करणेही कमी करतात. विष मात्र घालू नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि ते विष कोणाच्या गाईच्या तोंडी जाईल हे सांगता येत नाही.

शेवटी एवढेच

रात्री रोही आणि रानडुकरे वावरात शिरली की आपल्याआधी कुत्रा उठतो. जागलीला तो सोबत असतो. तो घाणेरडा नाही. त्याचे नियम त्याने ठरविलेले आहेत, आपणच ते पाहिले नाहीत.

संत गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. ते गावात शिरत तेव्हा आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. घाण कोणी केली हे विचारत न बसता ते झाडायला लागत. आपण त्यांच्या मुलखातली माणसे आहोत. मोत्याने घाण केली म्हणून काठी उचलण्याऐवजी खुरपे उचलावे, एवढीच विनंती.

उद्या सकाळी उठल्यावर अर्धा तास आपल्या कुत्र्यामागे फिरा. तो कुठे थांबतो, कुठे बसतो, तिथून चारा किती दूर आहे, विहीर किती दूर आहे, लेकरे कुठे खेळतात, हे पाहा. ती अर्ध्या तासाची पाहणी मी त्या मेथीच्या वाफ्याजवळ केली असती तर एका घराचे पैसे वाचले असते. आणि आमच्या अंगणात कोणी केली असती तर आमची शेळी वाचली असती.